माशेलच्या चिखलकाल्याचा फोटो मासिकाला द्यायचाय, किती मागू?

पावसाळी (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी खांडोळ्याची. नोकरी पणजीत, फोटो काढते ते रविवारी आणि सणावाराला. आजवर फोटोचे पैसे कधी घेतले नाहीत, कोणी विचारलंही नव्हतं.

गेल्या वर्षी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाल्याला, म्हणजे चिखलात लोळून खेळायच्या उत्सवाला, गेले होते. पाऊस असा की कॅमेऱ्याला दुधाच्या पिशव्या गुंडाळल्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी ओढणीच्या टोकाने लेन्स पुसत होते. त्यातला एक फोटो चांगला आला. अंगाला तेल लावलेला एक म्हातारा, त्याच्या खांद्यावर सहा-सात वर्षांचा मुलगा, दोघांचेही डोळे मिटलेले आणि चिखलाचा फवारा मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हवेत थांबलेला. इन्स्टाग्रामवर टाकला होता.

परवा मुंबईच्या एका इंग्रजी पर्यटन मासिकातून निरोप आला. जूनच्या अंकात गोव्याच्या पावसावर मोठा लेख आहे, त्यात हा फोटो हवाय. "मूळ फाइल पाठवा, तुमचं नाव नक्की देऊ." पैशांचं विचारलं तर म्हणाले, फोटोसाठी वेगळं बजेट नसतं, तरी १,५०० रुपये देता येतील. सोबत एक पानी संमतीपत्र पाठवलंय. त्यात लिहिलंय की सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे त्यांच्याकडे जातील. शुक्रवारपर्यंत सही करून हवंय.

१,५०० कमी आहेत एवढं कळतंय, पण किती मागायचे ते कळत नाही. जास्त मागितले तर फोटोच नको म्हणतील अशी धास्तीही वाटते. आणखी एक. तेव्हा माझ्याकडे कॅमेरा नव्हता, मामाचा नेला होता. मग फोटो कायद्याने कोणाचा?

शुक्रवारचा_बाजार (रविवार, १०.१५)

ताई, आधी दोन गोष्टी. सही करू नका आणि मूळ फाइल पाठवू नका. बाकी सगळं नंतर.

आता दराचं. माडावर चढणारा पाडेलीसुद्धा माड किती, उंच किती, बांधावरचे की कुळागरातले ते विचारतो आणि मगच आकडा सांगतो. तुम्हाला अजून माडच दाखवलेले नाहीत. फोटो आतल्या कोपऱ्यात पाव पान जाणार की दोन पानं भरून? मुखपृष्ठावर जाणार का? छापील प्रती किती? वेबसाइटवर टाकणार का, टाकला तर किती दिवस? तुम्ही तोच फोटो दुसऱ्या कुणाला देऊ शकता की नाही? एवढं कळल्याशिवाय तुम्ही सांगितलेला कुठलाही आकडा चुकीचाच असणार, मग तो १,५०० असो की ५०,०००.

मी म्हापशात लग्नाचे फोटो करतो, मासिकांना वर्षातून दोन-तीन देतो. तोच फोटो पाव पानाला २,००० ला दिलाय आणि दुसऱ्या जागी पूर्ण पानाला ८,००० ला. फोटो तोच असतो, वापर बदलला की भाव बदलतो.

अबोली_वेणी (रविवार, १०.३२)

वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं.

पान_तिसरं (सोमवार, सकाळी ७.०५)

मी बावीस वर्षं मासिकांच्या संपादकीय टेबलावर काढली, आता निवृत्त आहे. पलीकडच्या बाजूने लिहितो.

"बजेट नसतं" हे आम्ही सगळ्यांना म्हणायचो. अंकाचं एक ठरलेलं फोटो-बजेट असतं आणि ते फोटोंमध्ये वाटायचं असतं. जो मागत नाही त्याचा वाटा मागणाऱ्याकडे जातो. यात कोणी दुष्ट नसतं. त्या टेबलावर बसलेली मुलगी पंचवीस वर्षांची असेल, तिच्या डोक्यावर कलासंपादक आणि त्याच्या डोक्यावर छपाईची तारीख. तिला फोटो स्वस्तात नाही, वेळेवर हवाय. ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे.

दुसरं, तुमचा फोटो त्यांना बदलून मिळण्यासारखा नाही. चिखलकाला वर्षातून एकदाच होतो. आज मे महिना. अंक जूनचा. आषाढ यायच्या आधी त्यांनी कितीही पैसे टाकले तरी नवा फोटोग्राफर पाठवून तो क्षण काढता येणार नाही. समुद्रकिनाऱ्याचा सूर्यास्त असता तर मी म्हटलं असतं, फार ताणू नका. इथे थोडं ताणायला हरकत नाही.

तिसरं, इन्स्टाग्रामवरची प्रत १,०८० पिक्सेल रुंद असते. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे ती प्रत नऊ-साडेनऊ सेंटिमीटरच्या पुढे नीट छापता येत नाही. ए-फोर आकाराची दोन पानं भरायची तर साधारण ४,९६० बाय ३,५०८ पिक्सेल लागतात. ही फाइल फक्त तुमच्याकडे आहे. ती गेली की बोलणी संपली. पानावर बसवून बघायचं म्हणाले तर १,००० पिक्सेलची, मधोमध नाव टाकलेली प्रत द्या. मांडणीला तेवढी पुरते.

आणि ते संमतीपत्र. कंपनीच्या वकिलाने कधीतरी एकदा तयार केलेला तो कागद सगळ्यांना तसाच जातो. त्यात काटछाट करून परत पाठवणारे लोक असतात, आणि आम्ही बहुतेक वेळा ती काटछाट मान्य करायचो. लोकांना वाटतं छापील कागद म्हणजे दगडावरची रेघ. तसं नाही. ओळी खोडा, बाजूला आपलं वाक्य लिहा, सही करा, पाठवा.

मानस (सोमवार, ११.२०)

पणजीत वकिली करते, पण हे सल्लापत्र समजू नये, माहिती म्हणून वाचा.

कॅमेरा मामाचा असला तरी फोटो तुमचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. यंत्र कोणाचं, हा प्रश्नच येत नाही. नोंदणीही सक्तीची नाही, फोटो काढला त्या क्षणी हक्क निर्माण झाला. इन्स्टाग्रामवर टाकल्याने त्यांना दाखवण्याचा परवाना मिळतो, मालकी तुमचीच राहते.

सावध व्हायची जागा कलम १७ मध्ये आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो सांगणारा. शुक्रवारचा_बाजार यांच्या लग्नाच्या फोटोंना हे लागू होतं, तुमच्या फोटोला नाही, कारण तुम्ही तो स्वतःहून काढलात. पण उद्या हेच मासिक "यंदाचा चिखलकाला आमच्यासाठी काढा" म्हणालं तर आधी लेखी ठरवून घ्या.

कलम १९ सगळ्यांनी लक्षात ठेवावं. हक्क द्यायचे तर लेखी आणि सही करून. कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कागद गप्प असेल तर कायदा तुमची थोडी राखण करतो. म्हणूनच त्यांच्या कागदात "कायमचे" आणि "जगभर" हे दोन शब्द मुद्दाम घातलेले असतात. तेच आधी खोडा. हक्क विकण्याऐवजी परवाना द्या, म्हणजे ठरलेल्या वापरापुरती परवानगी. हे नियम परवान्यालाही लागतात.

आणि नाव छापणं हा उपकार नाही. कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार तुमच्याकडे राहतो. त्यामुळे "नाव देऊ" याला मोबदल्यात धरू नका.

रापण (सोमवार, दुपारी १.५०)

थोडं वेगळं मत मांडतो. सगळे एका बाजूने बोलताहेत म्हणून लिहावंसं वाटलं.

मी डिचोलीचा. पंधरा वर्षं मराठी दिवाळी अंकांना फोटो देतोय, बहुतेक वेळा फुकट. जे अंक काढतात ते स्वतःच्या खिशातून छापखान्याचं बिल भरतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्याकडे मी परवाना नि पिक्सेल मोजत बसलो तर गोव्यातून मराठी अंक निघायचेच नाहीत. आणि फुकट दिलेल्या मिठागरांच्या एका फोटोमुळेच मला एका ग्रंथाचं संपूर्ण काम मिळालं. पैशापुरतं बघू नये असं मला वाटतं.

पान_तिसरं (सोमवार, २.२५)

रापण, तुमच्याशी भांडण नाही. खिशातून अंक काढणाऱ्याला मीही लेख फुकट दिलेत आणि पुढेही देईन. पण तो निर्णय तुमचा होता. माणूस ओळखीचा, काम तुम्हाला पटलेलं. ताईंच्या बाबतीत समोर जाहिराती घेणारं मासिक आहे, त्याच्या कागदाला पैसे, शाईला पैसे, वाटपाला पैसे. फोटोलाच तेवढे नाहीत. त्यांचं जाहिरातींचं दरपत्रक मागा किंवा वेबसाइटवर शोधा. पूर्ण पान जाहिरातीला ते काय घेतात ते बघितलं की "बजेट नसतं" या वाक्याचं वजन कळेल.

फुकट द्यायचं तरी लेखी द्या: या अंकापुरतं, एकदाच.

आल्तिन (सोमवार, रात्री ८.३०)

हे वाक्य मला चार वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर.

कुंभारजुव्याच्या सांगोडाचा माझा एक फोटो आहे. सात दिवसांच्या गणपतीचं विसर्जन, दोन होड्या बांधून केलेला तराफा, वर पौराणिक देखाव्यातली वेष केलेली मुलं आणि खाडीच्या पाण्यात सगळ्याचं उलटं प्रतिबिंब. एका मासिकाला ८०० रुपयांत दिला. कागदावर काय लिहिलंय ते वाचलं नाही, तेव्हा छापून येण्याचाच आनंद होता.

दोन वर्षांनी बहिणीला घेऊन विमानतळावर चाललो होतो. रस्त्याच्या कडेला पंधरा फुटी फलक, त्यावर माझी सांगोड. एका रिसॉर्टची जाहिरात. खालचं प्रतिबिंब कापून तिथे फोन नंबर टाकला होता. गाडी बाजूला घेऊन मी बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो. मासिकाला फोन केला तर शांतपणे म्हणाले, तुम्ही सर्व हक्क दिलेत, आम्ही पुढे दिले. त्या होडीतल्या मुलांपैकी एक आमच्या शेजारचा. त्याच्या आईने मला विचारलं, "तुला किती मिळाले?" ८०० सांगायची लाज वाटली.

ताई, कागदावर "जाहिरातीसाठी नाही" आणि "दुसऱ्या कोणाला देता येणार नाही" एवढं लिहिल्याशिवाय सही करू नका.

अबोली_वेणी (सोमवार, ८.५५)

आल्तिनबाब, वाचून वाईट वाटलं.

यावरून सुचलं, ताईंच्या फोटोतही लहान मूल आहे. सार्वजनिक उत्सवाचं चित्र म्हणून लेखासोबत येणं वेगळं, हॉटेलच्या जाहिरातीत येणं वेगळं. घरच्यांना एकदा विचारून घ्याल का? माशेल काही मोठं गाव नाही.

पावसाळी (मंगळवार, रात्री १०.१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री झोपच लागली नाही, तीन वेळा हा धागा वाचला.

आज दुपारी त्यांना फक्त प्रश्न पाठवले, आकडा नाही. उत्तरं आली ती अशी: लेखाच्या सुरुवातीची दोन पूर्ण पानं भरून हा फोटो. मुखपृष्ठासाठीही विचारात आहे, दोन फोटोंमध्ये चुरस. छापील प्रती ४०,००० असं त्यांचं म्हणणं. लेख वेबसाइटवरही जाईल. म्हणजे ज्या फोटोला "बजेट नाही" तो लेखाचं दार आहे! दरपत्रकही मिळालं. पूर्ण पानाच्या जाहिरातीचा दर लाखाच्या वर आहे.

संध्याकाळी माशेलला जाऊन आले. मुलाचं घर देवळापासून जवळच निघालं, तो म्हातारा त्याचा सख्खा आजोबा. वडील म्हणाले, लेखात येऊ दे, जाहिरातीत नको. तेच कागदावर घालणार आहे.

हा मसुदा केलाय, बघता का?

"नमस्कार. फोटो आवडल्याबद्दल आभार. मी या क्षेत्रात नवीन आहे, त्यामुळे काही चुकल्यास माफ करा. दोन पानांच्या एकवेळ छापील वापरासाठी आणि लेखासोबत एक वर्ष वेबसाइटवर ठेवण्यासाठी मला १८,००० रुपये अपेक्षित आहेत, पण कमी-जास्त करता येईल. मुखपृष्ठावर घेतल्यास १२,००० वेगळे. फोटो जाहिरातीसाठी वापरता येणार नाही व इतर कोणाला देता येणार नाही. नाव फोटोलगत छापावे."

पान_तिसरं (मंगळवार, १०.४०)

दोन जागी कात्री लावतो. "नवीन आहे, माफ करा" काढा. फोटो नवीन माणसाने काढला म्हणून लहान छापणार नाहीत ना? आणि "कमी-जास्त करता येईल" काढा. ते वाक्य वाचलं की आकडा कोणी वाचतच नाही. आकडा लिहा आणि तिथे थांबा. कमी करायचं ते पुढच्या फेरीत, आणि कमी केलंत तर वापरही कमी करा. पैसे उतरवून वापर तेवढाच ठेवला तर पहिला आकडा फुगवलेला होता असा अर्थ निघतो.

एक ओळ वाढवा: बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पैसे, आणि फाइल घेतल्यावर फोटो छापला नाही तरी निम्मी रक्कम. "छापून आल्यावर देऊ" म्हणतात आणि शेवटच्या रात्री जाहिरात वाढली की पान उडतं. मी स्वतः अशी पानं उडवलीत.

मानस (मंगळवार, ११.०२)

बिलावर पॅन टाका. वर्षभरात त्याच कंपनीकडून ५०,००० च्या वर गेलात तर १० टक्के टीडीएस कापतील, तो विवरणपत्रात वळता होतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर या सेवेसाठी जीएसटी नोंदणीची गरज नाही, गिऱ्हाईक मुंबईचं असलं तरी. त्यांच्या हिशेब खात्याने जीएसटी नंबर मागितला तर एवढंच कळवा.

पावसाळी (गुरुवार, रात्री ९.१५)

मंगळवारी रात्रीच पाठवला, कात्री लावून. बुधवारी दिवसभर काहीच नाही. मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. दोनदा "१०,००० चालतील" असं टाइप करून पुसलं.

आज सकाळी त्या मुलीचा फोन आला. आवाजावरून खरंच माझ्यापेक्षा लहान. म्हणाली, वरून ६,००० मंजूर झालेत. मी म्हटलं, ६,००० ला एक पान, वेबसाइट नाही. ती म्हणाली, दोन पानं तर मांडून झालीत. मी गप्प बसले. बोलायला काही सुचतच नव्हतं. मग ती म्हणाली, विचारून कळवते.

दुपारी ठरलं ते असं: दोन पानं, एकदाच छापील, सोबत वेबसाइटवर एक वर्ष, मिळून ११,०००. मुखपृष्ठ झालं तर आणखी ९,०००. समाजमाध्यमांवर फक्त त्या पानाचं चित्र, सुटा फोटो नाही. जाहिरात नाही, पुढे देणं नाही. नाव फोटोलगत. ३० दिवसांत पैसे, पान उडालं तर निम्मे. त्यांच्याच संमतीपत्रावर ओळी खोडून, बाजूला लिहून, दोघांच्या सह्या. सही केलेली प्रत हातात आल्यावरच फाइल पाठवली. मामाचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, ६,००० बाय ४,००० ची फाइल, दोन पानांना पुरून उरली.

१८,००० मिळाले नाहीत याची थोडी रुखरुख आहे. जास्त ताणायला हवं होतं का?

शुक्रवारचा_बाजार (गुरुवार, ९.३०)

१,५०० आणि कायमचे सगळे हक्क, तिथून ११,००० आणि हक्क तुमच्याच घरात. हाच फोटो तुम्ही उद्या रापण यांच्या दिवाळी अंकाला फुकट देऊ शकता, परवा कॅलेंडरवाल्याला विकू शकता. रुखरुख नको.

रापण (गुरुवार, ९.४८)

अभिनंदन, बाय. माझं मत फार बदललेलं नाही, पण मीही आता अंकवाल्यांना दोन ओळी लिहून देणार. "या अंकापुरतं, एकदाच." आल्तिन यांची गोष्ट डोक्यातून जात नाही.

आल्तिन (गुरुवार, १०.०५)

मानस, माझ्या त्या कागदाची प्रत अजून आहे. प्रतिबिंब कापून वर नंबर टाकला, त्यावर कलम ५७ खाली काही करता येईल का?

मानस (गुरुवार, १०.२०)

कागद बघावा लागेल. हक्क दिले असले तरी कामाची अशी मोडतोड करून कर्त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागत असेल तर दाद मागता येते. विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली हक्क सरकारकडे असतानाही शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला होता, पाच लाखांची भरपाईही. तुमचं प्रकरण तेवढं सरळ असेलच असं नाही. त्या फलकाचा फोटो काढला होता का, तारखेसकट?

आल्तिन (गुरुवार, १०.२४)

काढला होता. गाडीतून उतरल्यावर पहिलं तेच केलं. निरोप पाठवतो.

पावसाळी (जुलै, शनिवार, सकाळी ८.३०)

धागा वर काढतेय. अंक आला. मुखपृष्ठावर दुसरा फोटो गेला, दूधसागरचा. आतली दोन पानं मात्र तशीच्या तशी, काही न कापता, नाव फोटोच्या उजव्या कडेला. फक्त पानांची घडी म्हाताऱ्याच्या कानावरून गेलीय.

पैसे ३० दिवसांत आले नाहीत. ३४ व्या दिवशी संपादकाला न लिहिता थेट हिशेब खात्याला बिल नंबर टाकून मेल केला, ३८ व्या दिवशी जमा झाले.

काल माशेलला जाऊन एक अंक आणि फोटोची मोठी छापील प्रत मुलाच्या घरी देऊन आले. आजोबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि नातवाच्या मिटलेल्या डोळ्यांवर बोट ठेवून म्हणाले, ह्यो तेव्हा भियेला. यंदाच्या काल्याला दोघे पुन्हा उतरणार आहेत, मीही जातेय.

वेबसाइटवरची एक वर्षाची मुदत पुढच्या १ जूनला संपते. फोनवर आठवण लावून ठेवलीय.

पान_तिसरं (जुलै, शनिवार, ९.१०)

अंकाच्या किती प्रती पाठवल्या? एकच असेल तर आणखी दोन मागा, देतात. एक मामांना द्या.